बैलांकडून घेतलेला दम

साताऱ्याहून सांगलीजवळच्या सासरी आले, तेव्हा आमचे हे रोज हळदीच्या बैलगाडीमागं पळताना दिसायचे. मला वाटलं, बसायला जागा नसेल. पण तो सराव होता! जत्रेतल्या लांब पल्ल्याच्या शर्यतीत पोरगा पहिला आला नाही तर मिशी उतरवीन, असं मामंजींनी चावडीवर सांगून टाकलं होतं. मामंजी पलटणीतले पेन्शनर. ह्यांना हुकूम एकच, "दम बैलाकडनं शीक. बैल पाणी पितील तवाच प्यायचं, ते थांबतील तितंच थांबायचं."

शर्यतीच्या दिवशी आम्ही बायका वेशीबाहेरच्या हौदापाशी उभ्या होतो. हे सगळ्यांच्या लय पुढं. हौद आला आणि हे थांबले. पाणी प्यायले आणि स्वस्थ उभे राहिले. रोज बैल इथंच थांबायचे, आणि मामंजींनी हाकल्यावर तिघंही निघायचे.

"आरं पळ की!" सासूबाई ओरडल्या. हे ढिम्म. मागचे गडी दिसायला लागले. "अगं, तू तरी हाक मार! मिशी चालली की त्यांची!"

आता सासूसमोर नवऱ्याचं नाव कसं घ्यायचं? मी पदर पुढं ओढला, जीभ टाळूला लावून टॉक्‌ टॉक्‌ केलं आणि म्हणाले, "हुर्र, चल!"

हे जे सुटले, ते थेट मानाच्या फेट्यापाशीच थांबले.

संध्याकाळी मामंजी मिशीला तूप लावत सासूबाईंना म्हणाले, "सूनबाईला सांग, बैल मी हाकतो. ह्यो गडी आता तिच्याकडं."