बिनउद्यापनाचं व्रत

...हाव, नवसच बोलले होते मी. माहूरला, रेणुकामातेच्या पायरीवर बसून — आई, आमच्या ह्यांची तंबाखू सोडव, ती सुटेपर्यंत मी गोडाचा कणसुद्धा तोंडात घालणार नाही. आता हसायला येतं, पण तेव्हा मला ते लई मोठं वाटलं होतं, बोलताना डोळ्यांत पाणी आलं होतं. आणि हे? हे बाजूलाच उभे. माहूरचा प्रसाद ठाऊक आहे ना तुम्हाला — तांबूल, विडा कुटून देतात तो — ह्यांनी तो तोंडात टाकला आणि मला म्हणतात, "बघ, देवीलाच विडा लागतो, तू माझ्या मागं कशाला लागलीस?" अहो, म्हटलं, त्या विड्यात तंबाखू नसते! तर म्हणे, "तेवढीच कमी आहे." काय बोलावं अशा माणसाला?

बसा, बसा, उठू नका. जरा बाहेर जाऊन येतो, असंच ना? बाहेर गेलात की नंबर जातो, इथली मावशी दोनदा हाक मारते आणि पुढचा कागद घेते. आत्ता अकरा चालू आहे, माझा चौदा, तुमचा पंधरा. आणि बाहेर कशाला जाताय ते मला कळत नाही का — शर्टाच्या खिशातून पुडीचं टोक दिसून राहिलं. लपवू नका. लाजायचं काय, दाताच्या दवाखान्यात कोणी देवदर्शनाला येत नाही. मी तुम्हाला तुम्ही म्हणू का तू? फाईलवर वैजनाथ लिहिलंय — माझ्या सर्वेशपेक्षा दोन-तीन वर्षांनी लहानच दिसतोस, मी तूच म्हणते बाबा. तोंड किती उघडतं तुझं? बोलू नकोस, बोलताना दुखतंय ते दिसतं मला, नुसती बोटं दाखव. दोन? तीन बोटं उभी गेली पाहिजेत म्हणतात आत. दोन म्हणजे — बरं, दोन म्हणजे अजून दार बंद झालेलं नाही. माझी तीन जातात, माझं दुखणं वेगळं. माझ्या डाव्या गालाला आतून पांढरा चट्टा आहे, हरभऱ्याच्या डाळीएवढा. सहा आठवड्यांनी या म्हणाल्या होत्या डॉक्टरीणबाई, आज सहा आठवडे झाले. गेला असला तर घरी. नसला तर तुकडा काढून तपासायला पाठवायचा. तुकडा म्हणजे गालाचा, आपल्या! म्हणून तर एवढी बोलून राहिले, नाहीतर मी तशी फार बोलत नाही. खरंच. आमच्या घरी विचार कुणालाही.

तर नवस. दोन वर्षं मी गोड खाल्लं नाही — सर्वेशच्या लग्नातसुद्धा नाही. आणि झालं काय? माझ्या वाटची पुरणपोळी हेच खायचे, वर तूप ओतून, आणि जेवण झालं की ओट्यावर बसून तंबाखू मळायला मोकळे. वजन माझं उतरलं, तंबाखू ह्यांची चालूच. मी म्हणायचे, देवी परीक्षा बघून राहिली. शेवटी आमची सून, मृण्मयी, शाळेत शिकवते ती — एकदा भांडी लावता लावता म्हणाली, "आई, राग मानू नका, पण व्रत तुमचं आणि तंबाखू बाबांची. तुमच्या उपासानं त्यांचा हात कसा थांबेल?" असा राग आला ना मला! दोन दिवस बोलले नाही तिच्याशी. तिसऱ्या दिवशी वाटलं, पोरगी खरं बोलली. आपण बायका हे असंच करतो की — दुसऱ्याच्या वाटचं व्रत आपणच करून टाकतो, आणि फळ आलं नाही की देवीला बोल लावतो.

मग गेल्या चातुर्मासात मी लक्ष वाती धरल्या. लाख वाती वळायच्या, देवापुढं लावायच्या. तेव्हा मनात ह्यांचं काही नव्हतं, खोटं कशाला बोलू — शेजारच्या राजश्रीनं धरल्या म्हणून मीही धरल्या. पण माझा अंगठा! पन्नास वाती झाल्या की ठणकायला लागायचा. आणि हे रिटायर होऊन घरी बसलेले — मुदखेड जंक्शनला रेल्वेत होते, सारा जन्म हाताला काम, आणि आता दिवसभर ओटा. एक दिवस जेवण झाल्यावर म्हणाले, "आण इकडं, काय लाकडं फोडायचीत का त्यात?" कापूस घेतला, तळहातावर ठेवला, दुसऱ्या तळव्यानं दिला पीळ — आणि काय सुरेख वात उतरली, बाबा! उतरणारच. चाळीस वर्षं त्याच तळव्यावर तंबाखू मळलेली, सराव दांडगा. आता गंमत बघ. देवाची वात चुन्याच्या हातानं वळता येत नाही. तंबाखू खायची तर वात खाली ठेवा, मळा, खा, थुंका, उठून साबणानं हात धुवा, चूळ भरा, मग परत बसा. आणि आमचे हे इतके आळशी, इतके आळशी की पाण्याचा तांब्या हाताशी असला तरी मला हाक मारतात. दोन दिवस उठले, धुतले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "एवढ्या पंचवीस होऊ दे, मग खाईन." पंचवीसच्या पन्नास झाल्या, तोवर डुलकी लागली! माझ्या दोन वर्षांच्या उपासानं जे झालं नाही ते ह्यांच्या आळसानं केलं. मी एका शब्दानं म्हटलं नाही की तंबाखू सोडा. फक्त जेवण वाढतानाच कापसाचं ताट ओट्यावर नेऊन ठेवायचे, आणि तंबाखूची डबी वरच्या फळीवर, स्टूल घेतल्याशिवाय हात पुरणार नाही अशी. फेकली नाही हं. फेकली असती तर कोपऱ्यावरच्या दगडोबाच्या पानटपरीवरून नवी आली असती, आणि वर भांडण.

मग जेवणानंतरच काय, सकाळ-संध्याकाळही ह्यांच्यापुढं तेच ताट; कार्तिकात लाख पुऱ्या झाल्या. मग काय, उद्यापन! अकरा जोडपी जेवू घातली, ओट्या भरल्या, सगळ्या वाती लावल्या — तीन महिने माणसानं तंबाखूला हात लावला नव्हता, माझे पाय जमिनीवर नव्हते. दुसऱ्या दिवशी जेवण झालं, हे ओट्यावर जाऊन बसले. ताट नाही, कापूस नाही. उद्यापन झालं ना, आता कशाच्या वाती? दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले, एकदा उघडले, एकदा मिटले. मी दारातून बघून राहिले आणि मला वाटलं, कालच्या दगदगीनं दमलेत. संध्याकाळी स्वारी दगडोबाच्या टपरीवर! चूक कुणाची? माझी. व्रत म्हटलं की उद्यापन आलंच, हे इतकं अंगात मुरलेलं, की छान चालू झालेली गोष्ट मी स्वतः जेवणावळ घालून बंद केली. तेव्हापासून ठरवलं — ह्या व्रताला उद्यापन नाही, आणि मोजायचंही नाही. लाख झाल्या, सव्वा लाख झाल्या, विचारायचंच नाही. पुन्हा ताट ठेवलं. आठ दिवस कुरकुरले, मग लागले वळायला. आता घरात वाती ठेवायला जागा नाही. गल्लीतल्या बायका मला बघून वाट बदलतात, ही पुन्हा वाती देईल म्हणून. बदलू देत! सहा महिने झाले ह्यांना, एक चिमूट नाही.

मग माझा चट्टा कुठून आला म्हणतोस? तेच तर. ह्यांची दाढ दुखत होती म्हणून ह्यांना घेऊन आले इथं. ह्यांचं तोंड बघितलं — स्वच्छ. मी अशी फुगले! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मावशी, बसा तुम्हीही, बघून घेऊ." म्हटलं, मला काय धाड भरली, मी उपासतापासाची बाई, पानसुद्धा खात नाही. त्यांनी बॅटरी आत धरली आणि विचारलं, "मिसरी लावता?" आता मिसरी म्हणजे काय — तव्यावर भाजायची, कुटायची, सकाळी हिरड्यांना लावायची. आईनं लावली, सासूनं लावली, मी तीस वर्षं लावली. ती दात घासायची वस्तू! ती कशाची असते हे मला ठाऊक नव्हतं का? मीच भाजायचे की. तंबाखूच भाजायचे. माहूरला ह्यांच्यासाठी नवस बोलले त्या सकाळीही मिसरी लावूनच पायऱ्या चढले होते मी, आणि हे माझ्या मनात — शपथ — आलंच नाही कधी. आमचे हे मला घेऊन घरी आले. मग चपला काढताना म्हणाले, "आता ताटात दोघांचा कापूस ठेव."

पण माझी तलफ सकाळची, तिथं वाती काय करणार? मग मी तुळस धरली. तोंड धुतलं की तुळशीला पाणी, हे लग्न झाल्यापासून चुकलेलं नाही. त्याच्याच पदराला गाठ मारली — पाणी घातलं की लगेच एक पान तोंडात, त्याच गालाला. तुळशीचं पान तोंडात असताना मिसरी लावायला हात धजेल का? सोमवार, मंगळवार, झकास चाललं. आणि रविवारी पडले! का? रविवारी तुळस तोडत नाहीत. पान नाही, तोंड रिकामं, आणि मिसरीची डबी मोरीच्या खिडकीतच. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. तेव्हा उजेड पडला डोक्यात. शनिवारी सकाळीच जादा पान तोडून पंचपात्रात ठेवायला लागले, आणि डबी सुनेच्या हाती दिली, म्हटलं कुठं टाकतेस ते मला सांगूच नको. मग नाही मोडला रविवार. एवढंच असतं बघ — माणूस काही वाईट नसतो, त्याचा एखादा वार कच्चा असतो. तो वार सापडला की काम झालं. असं सगळं छान चाललं होतं देगलूरच्या लग्नापर्यंत...

काही नाही. काही नाही रे, लग्न होतं. बारावा गेला का आत? गेला. तेरावा ते आजोबा असतील.

नणंदेच्या नातीचं लग्न होतं, गेल्या शुक्रवारी. नणंद म्हणजे केवळाबाई, देगलूरला दिलेली, आता निम्मी तेलुगूच बोलते. मंगल कार्यालयात सकाळी सगळ्या म्हाताऱ्या एका नळाशी, बोटाला मिसरी, गप्पा अशा रंगलेल्या. तिथं कुठली तुळस? केवळाबाईनं डबी पुढं केली, "तीस्को वदिना, तीस्को" — घे वहिनी, घे — "इथं कोण बघतंय?" आणि मी बोट बुडवलं. एकदाच. एकदाच राहिलं असतं तर निभलं असतं रे! पण मी व्रताची बाई ना — व्रत मोडलं की मोडलं, पहिल्यापासून धरायचं, आणि धरायचं तर चांगल्या वारी. म्हटलं, आता मोडलंच आहे, सोमवारपासून धरू. झालं! शुक्रवार, शनिवार, रविवार, सकाळी आणि संध्याकाळी. पंगत उठल्यावर हे तिथंही पिशवीतून कापूस काढून बसले होते, पाहुणे हसून राहिले, "हणमंता, सासुरवाडीनं हुंड्यात कापूस दिला का रे?" — आणि हे आपले वळून राहिले मान खाली घालून, आणि शेजारी बसलेल्या माझ्या तोंडाला... ह्यांना अजून ठाऊक नाही. आज बरोबर येत होते, मीच म्हटलं, कशाला उन्हाचं, मी रिक्षानं जाते. कुणालाच ठाऊक नाही. तुला का सांगितलं कोण जाणे.

सोमवारी तुळशीला पाणी घालताना वाटलं — समईतली एक वात वाऱ्यानं विझली तर आपण उरलेल्या चार फुंकून टाकत नाही. ती एक परत लावतो. हे मला साठाव्या वर्षी कळावं! पान तोंडात टाकलं, आज चौथा दिवस. आणि दिवसभर जिभेनं चट्टा चाचपून राहिले. कधी वाटतं लहान झाला, कधी वाटतं तेवढाच आहे. घरून निघताना ठरवून आले होते, की त्यांनी विचारलं, "मावशी, पूर्ण बंद आहे ना?" तर म्हणायचं, हो बाई, एक दिवससुद्धा नाही. माझ्या कपाळावरचं कुंकू बघून कोण म्हणेल ही खोटं बोलते? पण मग त्यांना वाटणार, बंद करूनही चट्टा हटेना. माझ्या खोट्यावर त्या खरं औषध कुठून देतील? नको. तुला सांगितलं तसंच सांगते — दोन रविवार, आणि देगलूरचे तीन दिवस. तुकडा काढायचा तर काढू देत. आणि संध्याकाळी ह्यांनाही सांगते, जेवण झाल्यावर, कापूस हातात असताना. तेव्हा रागावलेच तर हात तरी कामात असतात.

तू का रे मान खाली घातलीस? तुझ्या फाईलवर "रोज दोन पुड्या" लिहिलंय, मघाशी नाव वाचलं तेव्हाच दिसलं मला. दोन पुड्यांनी तोंड असं आवळतं होय? नाही, मला सांगू नकोस किती ते. मी कोण तुझी? माझ्याजवळ सांगून...

काय? चौदा? हो, मीच, गोदावरीबाई, मीच — आले, आले हो! एवढ्यात कसे उरकले आजोबा? देवी, सांभाळ गं. वैजनाथ, माझ्या मागून तुझाच नंबर आहे बाबा. इथंच बस. मी खरं सांगून येते, मग तूही आत जा आणि त्यांनी विचारायच्या आधी खरा आकडा सांग.