पुढच्या एक्सलचा ठोकळा

— न्हाई पुरायचा हात, सुनबाई, उगं टाचा उचलू नका. ह्या बॉनेटला कुंकू लावायचं तर आता शिडी आणावी लागंल. बसा हितं बाजेवर, ताट घ्या मांडीवर — जपून, तिकडं ग्रीस हाय, नव्या साडीला लागंल. येतील नवरदेव. नारळ एकच आणायचा, पर आणायला आठ जण गेलेत, तवा येळ लागणारच. आन् आत कसं चढणार तुमी? बघितलं का पायरी कुठं गेली ती? तुमच्या गुडघ्याच्या वर. गाडी उंच करताना तुमच्या बद्रीनाथरावांनी सगळ्याचा इचार केला — टायरचा केला, लायटीचा केला, आरशाला गोंडे लावायचा केला — साडी नेसलेली बाई चढंल कशी, तेवढंच ऱ्हाऊन गेलं. ऱ्हायचंच. ते काय मोबाईलमदी दाखवत न्हाईत.

तसं बघितलं तर ही गाडी वळखू येत न्हाई आता, पर हाय ती आपल्या दूध सोसायटीचीच पिकअप. सकाळी दुधाचे कॅन, आन् ह्या दुष्काळात दुपारून मागं दोन हजार लिटरची टाकी ठिवून माळवस्तीला आन् आमच्या गल्लीला पाणी. सोसायटीची म्हणजे समद्या सभासदांची — कागदावर. चेअरमन तुमचे सासरे सुंदरराव, म्हणून चावी तुमच्या मालकाच्या करंगळीत फिरती. तुमचं लगीन व्हायच्या आदी, शिमग्याच्या सुमाराला आले माझ्याकडं — समदं दिंद्रुड गाव पाट्याच्या — चाकावरच्या लोखंडी कमानीच्या — कामाला माझ्याकडंच येतं. बाई मिस्त्री म्हणून हसणारे बी येतात. आमच्या घिसाड्यांत घण बाईच मारती, बाप्या सांडशी धरतो. तीस वरसं मी मारला, मालक वारले तवा सांडशी बी मीच उचलली, त्यात काय? तर आले, आन् म्हणले, "तुळजामावशी, गाडी नाकावर पडल्यावानी दिसती. फुडून उचलून लेवल करा, आन् मग समदीच वर चढवा चार इंच." मी म्हणलं, बद्रीनाथराव, मागून उंच हाय ती काय कंपनी येडी म्हणून न्हाई. मागं वझं पडणार, पाटे दबणार, तवा गाडी आपसूक सरळ हुती. रिकामी असताना लेवल केली तर भरल्यावर नाक आभाळात — लायटी लिंबाच्या शेंड्यावर पडतील, रस्त्यावर न्हाई. तर मोबाईल काढून दाखवला मला. कुठल्या मुलखातला कोण जाणं, काळा चष्मा घातलेला बाप्या, डबक्यातनं गाडी काढतोय आन् वरडतोय. म्हणले, ह्याला ऑफरोड म्हणतात, मावशी. मी इचारलं, म्हणजे काय वं? म्हणजे रस्ता सोडून चालवायचं. मग आपल्याकडं येगळं काय करायचं त्यात? सोडायला आदी रस्ता हाय कुठं? — न्हाई हसले. चेअरमनच्या घरात हसू वरून खाली येतं, आदी सुंदरराव हसले की मग बाकीचे. तुमाला कळलंच असंल महिन्याभरात. — हां! हसलात की! पदराआड का हुईना, हसलात.

आज कुठं न्यायची गाडी, सांगितलं का तुमाला? साठवण तलावात. पाणी आटलं, बेडूक बी गेले, तवा पोरांना मैदान मिळालं. पर नुसत्या धुळीत मजा न्हाई, चिखल पाहिजे. मग काल टाकी भरली आन् तलावात रिकामी केली. खरं सांगते, ह्या डोळ्यांनी बघितलं — दोन हजार लिटर पाणी, माळवस्तीच्या पाळीचं, तलावात वतलं, चिखल व्हावा म्हणून. एका जागी एवढासा झाला, म्हशीला बी लोळायला पुरायचा न्हाई. आन् आज बांधावरनं सरळ खाली गाडी सोडायची, मागं आठ दोस्त उभे, फुडं तुमी बसायचं — नव्या सुनेच्या पायगुणानं — आन् समद्यांनी शूटिंग काढायचं. सोसायटीचं मतदान तीन दिवसांवर आलं, पॅनेलची हवा पाहिजे. आन् सुनेच्या हातची पूजा झाल्याबिगर गाडी हलवायची न्हाई, असं सुंदररावांचं फर्मान. घरचं सोवळं बी तसंच कडक, मुक्ताबाईंचं — तुमच्या सासूबाईंचं. मागल्या साली नवा ट्रॅक्टर दारात आला आन् त्याच दिवशी तुमच्या थोरल्या जाऊबाईला कावळा शिवला, तर चार दिवस ट्रॅक्टर दारातच. मुक्ताबाई म्हणल्या, घरच्या बाईची पूजा झाल्याबिगर चाक फिरायचं न्हाई. बाप्ये नुसते भवतीनं फिरत व्हते.

काय बघताय वाकून? ते? त्याला ठोकळा म्हणतात. पाटा वर, एक्सल खाली, मधी हा लोखंडाचा ठोकळा सारायचा, यू-बोल्टनं आवळायचा, की गाडी उंच. स्वस्तात काम. मागच्या एक्सलला देतात, चालतं तिथं. फुडच्याला — फुडच्याला न्हाई देत कुणी. आमचे मालक म्हणायचे, फुडच्या एक्सलला ठोकळा देणारा मिस्त्री न्हाई, वैरी. कावून म्हणजे — उतारावर ब्रेक दाबला की समदं वझं फुडं येतं, एक्सल पिळतो, आन् ठोकळा बसल्या जागेवरनं निसटतो. मग स्टेरिंग कुठं आन् चाक कुठं. मी म्हणलं व्हतं त्यांना, फुडं उचलायचं तर पाटे नवे बनवू, पंधरा दिवस लागतील. तर म्हणले, "पंधरा दिवस? मावशी, उद्यापासून तुमच्या गल्लीत टाकी येणार न्हाई बरं का." हसत म्हणले. आन् आमच्या गल्लीत अठ्ठावीस उंबरे, तीन बाळंतिणी. — दिला मग ठोकळा. ह्याच हातानं दिला.

तुमी तो मुंजाजी ड्रायव्हर बघितला न्हाई. तुमच्या लग्नाच्या आठ दिवस आदी त्याला काढला. माळवस्तीच्या उतारावर गाडी टाकीसकट पलटी झाली — बाया घागरी घेऊन पळत आल्या, तवर जमिनीनं पिऊन टाकलं पाणी. एक जण लुगडं बुडवून पिळत व्हती. मुंजाजीनं उडी मारली म्हणून वाचला. बद्रीनाथराव म्हणले, दारू पिलेला व्हता. समद्या गावानं मान हलवली. मुंजाजी! माळकरी माणूस, चहात आलं जास्ती झालं तर तोंड वाकडं करणारा! गाडी माझ्याकडंच आणली दुरुस्तीला. बघितलं तर डावा ठोकळा बोटभर सरकलेला, एक्सलवर घासल्याची ताजी रेघ. एवढी साफ, की आंधळ्याला बी हाताला लागावी. आन् मी काय केलं म्हणता? रेघेवर ग्रीस फासलं. ठोकळा परत आत ठोकला, बोल्ट आवळले आन् म्हणलं, झाली गाडी, न्या. मुंजाजी समोरून जातो रोज, रामराम घालतो मला. आदी मी बघायचे त्याच्याकडं, आता भात्याकडं बघते.

— हे कशाला सांगत बसले मी तुमाला. तुमी बोलत न्हाई ना, म्हणून. बोलणाऱ्या बाईफुडं माणूस सावध असतं.

पर ऐक पोरी — सुनबाई ऱ्हाऊ दे आता — बांधाचा उतार माळवस्तीच्या दुप्पट हाय. आन् गाडी आडवी झाली तर ठोकळ्याचं नाव कुणी घेणार न्हाई. मुंजाजीला न पाजता दारू पाजली, तशी तुला पांढऱ्या पायाची करतील, जगली तर. मला फकस्त चार दिवस पाहिजेत. नवे पाटे केव्हाच घडवून ठिवलेत मी, ते बघ पत्र्यामागं, गोणपाटाखाली. झोप येत न्हाई तवा करते काय मग? दोन्ही ठोकळे काढीन, बापजन्मात सरकायचं न्हाई असं बसवीन. उंची दोन बोटं कमी हुईल, त्याला सांगीन आणखी अर्धा इंच चढवली — त्याला टेप कुठून धरायचा हेच ठाऊक न्हाई. पर गाडी सोडतोय कोण चार दिवस? मी म्हणलं तर गल्लीचं पाणी जाईल, तू म्हणलीस तर —

हां, आले वाटतं. हलगी बी आणली का काय. पदर सावर. ताट घे, कुंकू —

ताट खाली कावून ठिवलं? आन् ती कुठं निघालीस? गाडीकडं पाठ करून, लिंबाखाली, एकटीच अशी गुडघे पोटाशी घिऊन —

आँ? आत्ता? हितं बसल्या बसल्या?

न्हाई, न्हाई, मी विचारत न्हाई. विचारायचं नसतंच. बस तशीच. मान खाली. आणखी थोडी. झ्याक!

— या, या, बद्रीनाथराव! हां, तिथंच थांबा, फुडं येऊ नका, नारळ खाली ठिवा. सुनबाईला कावळा शिवला. आता चार दिवस ताटाला हात न्हाई आन् गाडीला बी न्हाई. — अवो मी काय करू? घरी इचारा मुक्ताबाईला, बिनपूजेची न्यायची का ते. इचारता? न्हाई ना? मग हलगीवाल्याला म्हणावं, जा बाबा. गाडी ऱ्हाऊ द्या हितंच, चार दिवसांत आणखी अर्धा इंच चढवून ठिवते. चावी टाका हिकडं. आन् जाता जाता मुंजाजीला धाडून द्या — कोण म्हणजे? तोच. जॅक धरायला मला शुद्धीवरचा माणूस पाहिजे.