परान्नाची शपथ

— न्हाई चतुराबाई, ती शपथ कशी घालायची ते मी न्हाई सांगणार. बसा. तुमचे मालक मंगळवारी निघायलेत, आफ्रिकेतली शेठजींची कापसाची जिनिंग सांभाळायला — तर बरोबर काय द्यायचं ते विचारा. मेतकूट द्या, लोणचं द्या. ह्या मानवत गावात मीच एक, जिचा नवरा तिथं मनेजर होऊन आला. आठ महिन्यांत परत आला — तेबी म्हणा, लोक म्हणतातच.

काय म्हणतात? अंगात हुशारी न्हाई म्हणतात. होती की. यंत्राच्या नुसत्या आवाजावरनं कुठला पट्टा सैल झालाय ते सांगायचे हे. पण माणसं सांभाळणं निराळं — तेबी परक्या मुलखात. तिथल्या मुकादमानं पहिल्याच आठवड्यात घरी नेलं. सगळी केळीच्या पानांभोवती बसलेली, उकडलेली केळी वाफाळायलेली — आन हे हात मागं बांधून उभे. पोट दुखतंय म्हणाले. दुसऱ्या खेपेला उपास म्हणाले. तिसऱ्या खेपेला कुणी बोलावलंच न्हाई. मग कापसाच्या ऐन भरात माणसं शेजारच्या कारखान्यात निघून गेली — भांडण न्हाई, तंटा न्हाई. मुकादम एवढंच म्हणाला, आमचं अन्न ज्याला इख वाटतं, त्याच्या हाताखाली आमी कसं राहावं?

का जेवले न्हाईत? — तुमाला ठाऊक हाय, म्हणून तर आलात. तुळशीपाशी हात धरून मीच शपथ घातली, परतून येईस्तोवर परान्न घ्यायचं न्हाई. सोळा सोमवार करणारी बाई मी, लोकांना वाटलं धर्म राखायली. वाटू दिलं मी. खरं सांगू का — आपल्या गल्लीतले मुंजाजी रंगूनला गेले, तिथं एका घरी जेवायला लागले, आन त्याच घरचे झाले. तेच माझ्या डोक्यात. कुणाच्या ताटाला बसलेच न्हाईत, तर कुणाचे होणार कसे? भीती माझी, आन नाव देवाचं.

शेठजींनी विचारलं, तवा ह्यांनी माझं नाव न्हाई घेतलं. जमलं न्हाई म्हणाले, बस. आता त्याच शेठजींच्या इथल्या कारखान्यात कापसाच्या गाठींवर शिक्के मारायलेत. घरी येतात, हातपाय धुतात, मी वाढलेलं जेवतात. मीठ कमी पडलं तरी बोलत न्हाईत.

म्हणून सांगते, तुमच्या मालकांना म्हणा — बोलावलं की जावा, मांडी घालून बसा, त्यांच्या लेकराबाळांची नावं ध्यानात ठेवा, दिलं ते खावा. महादेव काय माणसाचं ताट तपासत बसत न्हाई. येतील ते परत. चांगलं नाव करून येतील, बघा.

उठलात? काय म्हणालात —

एवढं ऐकूनबी शपथेचे शब्द पाहिजेत तुमाला.

मीबी तुमच्या जागी हेच मागितलं असतं, चतुराबाई. कुंकू लावून घ्या आन निघा. उद्या सांजंला मालकांना इकडं जेवायला धाडा — शपथ का घातली ते त्यांनाच सांगते सगळं, ह्यांच्या देखत.