ओळीच्या मधला श्वास

(तोक्योच्या पश्चिमेकडच्या एका जुन्या घरातली बसायची खोली. नोव्हेंबरातली दुपार. संगीतकार निशिगाकी तोमोहारु, ज्यांना सगळे 'सेन्सेई' म्हणजे गुरुजी म्हणतात, त्यांच्या पत्नी फुमिए आणि गाण्यांच्या कंपनीतून आलेली ओगासा.)

फुमिए : संमतीचा शिक्का मिळणार नाही. हे मी तिसऱ्यांदा सांगते आहे, ओगासा-सान. चौथ्यांदा सांगण्याची माझी पद्धत नाही.

ओगासा : पण फुमिए-सान, छापखान्याला पाचच्या आत कागद हवाय. बाकी सगळं तयार आहे. सेन्सेईंची पन्नास वर्षं, सहा सीडी, एकशे आठ गाणी. ही एक टेप तेवढी अडलीय. तुमचा आवाज आहे, म्हणून तुमची संमती लागते.

फुमिए : मग एकशे सात छापा.

तोमोहारु : मग काहीच छापू नका.

ओगासा : सेन्सेई, असं नका ना म्हणू.

तोमोहारु : ती टेप नसेल तर संच नको. तुमच्या साहेबांनाही हेच सांगितलंय. आता कुणीतरी मला चहा द्या.

फुमिए : पाहिलंत? चौऱ्याहत्तराव्या वर्षी रुसून बसले आहेत. तुम्ही आणलेल्या त्या वड्यांची पेटी उघडा. ह्यांना कडेची वडी द्या, मधली जास्त गोड लागते म्हणून टाकून देतात.

ओगासा : देते. पण मला हरकतच कळत नाही. गाणं बाहेर येण्याआधीचा तो कच्चा नमुना आहे. असे नमुने सगळ्याच संगीतकारांच्या घरी पडलेले असतात.

फुमिए : सगळ्यांच्या घरी धुण्याचा पिळाही पडलेला असतो. तो कुणी चव्हाट्यावर मांडत नाही. आपल्याकडे आधी चाल होते, शब्द मागाहून येतात. तोवर ती चाल कुणीतरी गाऊन ठेवायची, म्हणजे गायिकेला ऐकून पाठ करता येते. ह्यांचा आवाज बेडकासारखा, म्हणून मी गात असे. चारशे गाण्यांना मी ला ला ला केलं. त्यात जगाला सांगण्यासारखं काय आहे?

तोमोहारु : एका गाण्यात आहे.

ओगासा : 'बंदराचं नाव'मध्ये? ते तर आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. "त्या बंदराचं नाव मी विस", मग श्वास, आणि मग "रले". माझे वडील कराओकेला एकही सूर धड लावत नाहीत, पण श्वास बरोबर तिथंच घेतात. आणि समीक्षकांनी काय काय लिहिलंय त्यावर. 'विसरले' म्हणतानाच तिचा गळा दाटतो, म्हणजे ती विसरलेलीच नाही. सेन्सेईंची प्रतिभा दिसते ती त्या अर्ध्या सेकंदात, असं सगळे म्हणतात.

तोमोहारु : हं. प्रतिभा.

फुमिए : चहा घ्या. निवतो आहे.

तोमोहारु : ओगासा-सान, माझी सगळ्यात जास्त वाजणारी धून कुठली, माहीत आहे?

ओगासा : 'बंदराचं नाव'च ना?

तोमोहारु : भात शिजला की विजेच्या कुकरमधून वाजते ती. सात सेकंदांची. रोज लाखो घरांत वाजते. ती पुरती माझी आहे, पण तिच्यावर अजून कुणी एक ओळ लिहिली नाही. आणि ज्या श्वासासाठी त्रेचाळीस वर्षं माझा सत्कार चाललाय, तो माझा नाही. माझ्या स्वरलिपीत तिथं श्वासाची खूणच नाही.

ओगासा : मग गायिकेनं, मिनासे चिदोरींनी, स्वतःहून घेतला?

तोमोहारु : चिदोरी तेव्हा सतरा वर्षांची पोर. उत्तरेकडच्या मासळीबाजारातून आलेली. स्वरलिपी वाचता येत नव्हती. हातात टेप दिली आणि सांगितलं, जशी आहे तशी गा, पदरचं काही घालू नकोस. तिनं नाही घातलं. टेप झिजेपर्यंत ऐकली आणि श्वासासकट पाठ केली. शब्द लिहिणारा मागाहून आला. त्यानं स्वर मोजून शब्द बसवले. श्वास कोण मोजतो? तो नेमका शब्दाच्या पोटात आला. ध्वनिमुद्रणाच्या दिवशी सगळ्यांच्या लक्षात आलं, पण पोरीला ते काही केल्या सोडता येईना. दुपारपर्यंत वाट पाहिली आणि तसंच ठेवून दिलं.

ओगासा : म्हणजे तो श्वास टेपवरचा आहे.

फुमिए : माझा आहे. मला सातवा महिना होता. चाल उंच, मूल आडवं, आणि ह्यांना त्याच दिवशी टेप पोचवायची होती. त्या जागी दम पुरला नाही, म्हणून घेतला. त्यात दाटलेला गळा नाही आणि दुखावलेलं मनही नाही. आमच्या तेप्पेईची टाच होती ती, माझ्या बरगडीखाली. आता सेंदाईला पाणीपुरवठ्यात नोकरी करतो. त्याला ते गाणं अजिबात आवडत नाही.

ओगासा : पण हे किती छान आहे.

फुमिए : तुम्हाला मुलं किती?

ओगासा : नाहीत अजून.

फुमिए : मग छान म्हणायची घाई करू नका.

तोमोहारु : उरलेलं ही सांगणार नाही. ते गाणं हिचं होतं. योकोहामाच्या क्लबात मी पियानोवर असायचो आणि ही गायची, तेव्हापासून हिच्या गळ्यासाठी मनात घोळवलेलं. कंपनी हिला घ्यायला तयार होती. मग पोट दिसायला लागलं. साहेब म्हणाले, हिला टीव्हीवर कसं उभं करणार? गाणं तेवढं द्या. मी दिलं.

फुमिए : मी 'द्या' म्हटलं, म्हणून दिलंत.

तोमोहारु : तू म्हणालीस. पण मी 'नाही देत' असं एकदा म्हणून बघितलं का? तेही नाही. तुला म्हटलं, पुढचं गाणं तुझं. मग त्याच्या पुढचं. तू आपली प्रत्येक वेळी ला ला ला करून टेप माझ्या हातात देत राहिलीस.

फुमिए : स्वयंपाक करता करता होत असे ते. त्याचा एवढा बाऊ करू नका.

तोमोहारु : करू दे. ओगासा-सान, गेल्या वर्षी मी कंपन्यांकडे एकोणतीस चाली पाठवल्या. प्रत्येक गाण्यासाठी दोनशे जण चाल पाठवतात, सगळे माझ्या नातवाच्या वयाचे. एकही घेतली गेली नाही. तक्रार नाही माझी, त्यांच्या चाली चांगल्या असतात. मी थकलोय. नवीन काही मिळवायचं राहिलेलं नाही. अंगावर एक दुसऱ्याचा कोट आहे, तो जायच्या आधी परत करायचाय. तोही ही घेत नाही.

फुमिए : घेत नाही, कारण तो मापानं आता तिसरीच्याच अंगाला बसला आहे. तुम्हाला हलकं व्हायचं आहे, हे मला कळतं. पण ते ओझं कुणाच्या डोक्यावर जाईल, हे पाहिलंत का? चिदोरी साठीची झाली. गरम झऱ्यांच्या गावातल्या हॉटेलांत, लोकांची जेवणं चालू असताना गाते. आपण दोघांनी पाहिलं ना अतामीला? लोक अंघोळीच्या झग्यात बसलेले, कुणाचं लक्ष नाही. ती ओळ आली की मात्र सगळ्यांच्या जेवणाच्या काड्या थांबतात. श्वास होईपर्यंत कुणी चावत नाही. तिच्यापाशी उरलंय ते तेवढंच. उद्या तुमची टेप निघाली की तेच लोक म्हणतील, ही तर नक्कल करत होती. त्या पोरीच्या तोंडचा घास काढून मला मोठेपणा नको.

तोमोहारु : ती आता पोर नाही.

फुमिए : माझ्यासाठी आहे.

ओगासा : फुमिए-सान, मी मिनासे-सानना भेटले. गेल्या बुधवारी. त्यांनी संमतीचा शिक्का दिलाय.

फुमिए : कंपनी समोर येऊन बसली की शिक्का मारावाच लागतो. सतराव्या वर्षीही मारला होता तिनं. तेव्हा काय वाचलं होतं?

ओगासा : मी आधी काहीच सांगितलं नव्हतं. नुसती टेप लावली. सुरुवातीला त्या ताल धरून ऐकत होत्या. तो श्वास आला आणि हात थांबला. म्हणाल्या, "ही बाई कोण होती, ते मला कधी कुणी सांगितलंच नाही." मग म्हणाल्या, "मला आता तिथं श्वास नकोच असतो. माझा दम त्याच्या आधीच संपतो. पण आधी घेतला तर लोक विचारतात, आज बरं नाही का? म्हणून तसाच रेटून नेते. डोळ्यांपुढे अंधारी येते. थकले मी त्याला."

फुमिए : असं म्हणाली?

ओगासा : हेच शब्द.

फुमिए : मग हे आल्याबरोबर का नाही सांगितलंत?

ओगासा : आल्याबरोबर तुम्ही शिक्का मिळणार नाही म्हणालात.

फुमिए : हं. तिचा नंबर लावून द्या.

ओगासा : आत्ता?

फुमिए : छापखान्याला पाचच्या आत कागद हवाय, असं तुम्हीच म्हणालात.

तोमोहारु : मी बोलू का आधी?

फुमिए : तुम्हाला कुठं सातवा महिना होता? बसा.

ओगासा : वाजतोय. घ्या.

फुमिए : हॅलो, मिनासे-सान का? मी निशिगाकींच्या घरून बोलते आहे. त्यांची पत्नी. … नाही, नाही, ते ठीक आहेत. समोर बसून वडी खात आहेत. … तुम्ही टेप ऐकलीत, असं कळलं. … हो. ती मी. … अहो, गरोदर होते मी. दम लागला होता. … खरंच सांगते, दुसरं काहीही नाही. … इतक्या हसू नका, ठसका लागेल. … रागावले होते का? होते. पहिली दोन वर्षं तुम्ही टीव्हीवर आलात की बंद करत असे. तेप्पेई रांगत जाऊन पुन्हा लावायचा. … नाही, आता नाही. अतामीला मागच्या टेबलावर होतो आम्ही. भेटायला यायला हवं होतं, आले नाही. ती माझी चूक. … रडू नका. फोनवर रडणाऱ्यांशी काय बोलावं, मला कळत नाही. … टेप बाहेर आली तर लोक तुम्हाला बोलतील. त्याचा विचार केलात? … खरंच नीट केलात? … बरं. मग एक सांगा, तुम्हाला श्वास कुठं हवा असतो? … 'नाव' झाल्यावर? मग तिथं घ्या. कुणी विचारलं तर सांगा, ज्या बाईचा होता तिनं परत नेला. … म्हणून दाखवा. … आत्ताच. मी ऐकते आहे.

तोमोहारु : काय चाललंय?

ओगासा : थांबा, सेन्सेई. गाताहेत वाटतं.

फुमिए : हं. … पुन्हा. … नाही, घाई नको. 'बंदराचं' थोडं सोडून द्या, ओढू नका. … पुन्हा एकदा. … बरं. पाणी प्या आणि पडा जरा. ठेवते.

तोमोहारु : काय म्हणाली?

फुमिए : ओगासा-सान, कागद इकडे करा. शिक्का त्या वरच्या खणात आहे, शाईसकट आणा. कुठं मारायचा? इथं?

ओगासा : हो, आणि खाली एक. नाव काय छापू? 'निशिगाकी फुमिए'?

फुमिए : नुसतं 'फुमिए'. आणि पुढे लिहा, सातवा महिना. नाहीतर समीक्षक पुन्हा काहीतरी शोधून काढतील. निघा आता, चार वीस झाले.

ओगासा : फुमिए-सान, आभार कसे मानू ते…

फुमिए : चालता चालता माना.

तोमोहारु : फुमिए. जमली का तिला ती ओळ?

फुमिए : कुठली जमते? त्रेचाळीस वर्षांची सवय. तिन्ही वेळा तिथंच अडली. उद्या दहाला मी पुन्हा फोन करणार आहे.