सशाचे कान

दवाखान्याच्या बाकावर शिंपीणबाई आपला नंबर यायची वाट बघत बसल्या होत्या. शेजारी दोघी बहिणी होत्या आणि आत त्यांचा भाऊ. फोन वाजला.

"ताई, आईचा आहे. तूच बोल, मला नाही जमायचं."

"हॅलो, आई. काय करतेयस?"

आई फोनवर ओरडूनच बोलत होती. शिंपीणबाईंनी काय कानात बोळे घालायचे?

"ताटात दह्याचा ससा करतेय गं! रविवारी सुट्टीला सगळे जमणार ना! दही बांधून घट्ट केलं, त्यात वाटाणे वाटून घातले. ससा हिरवागार झालाय, हसू नका मेल्यांनो. भोवती गाजर, मुळा, तुम्हाला बुडवून खायला. दादाला नुसता ससा. चमच्याने भरवीन. दोनदा गाळलंय, घशाशी अडकायला नको."

"छान केलंस."

"डॉक्टर काय म्हणाले? सोडतायत ना?"

ताईने फोनवर हात दाबून धरला.

"सांगून टाक ना तिला, ताई."

"काय सांगू? तोंडाने पाण्याचा थेंबसुद्धा द्यायचा नाही, हे सांगू? की आता आमच्या हातात काही नाही म्हणाले, हे?"

"अगं, बोल ना! सोडतायत का?"

"हो आई. घरी न्या म्हणाले."

"सुटले गं बाई! मग कान कशाचे लावू? काकडीचे?"

"काकडीचे लाव."

"पण त्याला चावायचे नाहीत ना."

"लाव गं. नुसता बघेल तो."