सत्काराला उत्तर कोण देणार?

अध्यक्षस्थानी बसलेले बाजार समितीचे सभापती माननीय काकासाहेब, व्यासपीठावरील मान्यवर पाहुणे, आज ज्यांना आपण निरोप देतो आहोत ते गहिनीनाथराव, त्यांच्या सौभाग्यवती रंगुबाई, आणि समोर बसलेल्या आडते, मापाडी, हमाल बंधूंनो व भगिनींनो,

हार झाले, शाल-श्रीफळ झालं. आता पाहुण्या बाईंनी दोन गोड शब्द बोलावेत, अशी आज्ञा झाली आहे. आज्ञा शिरसावंद्य. गोडाचं मात्र मला आज जमेलसं वाटत नाही.

मी कोण ते आधी सांगते. डोक्याला मार लागून ज्यांची वाचा जाते, त्यांना पुन्हा बोलतं करायचं, हे माझं काम. दर गुरुवारी मी पुण्याहून नगरच्या दवाखान्यात येते. या यार्डात लिलाव पुकारणाऱ्या गहिनीनाथरावांवर ज्वारीच्या पोत्यांची थप्पी कोसळली, त्यानंतर ते माझ्याकडे येऊ लागले. पूर्वी इथे रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरत, उघडा लिलाव रुजला तो यांच्या गळ्यावर, असं मघाशी एकेक वक्ता सांगून गेला. खरंच आहे ते. पण त्या गळ्याचं पुढे तुम्ही काय केलंत, हे कुणी बोललं नाही.

या दुखण्यात माणसाला कळत बरंच असतं. हवा तो शब्द ओठावर येत नाही, आणि रागाचा, देवाचा, रोजच्या सवयीचा शब्द मात्र आपसूक निसटतो. गहिनीनाथरावांना पाणी मागायचं असायचं आणि तोंडातून निघायची एक शिवी. ती कुणाला दिलेली नसायची. निघाली की ते स्वतःच कपाळावर हात मारून घेत. शिवी का होईना, आवाज फुटतोय, म्हणून मला बरं वाटलं. रंगुबाईंना मी म्हटलं, यांना घरात कोंडू नका, चार माणसांत बसवा.

त्यांनी बसवलं. तेही कुठे, तर तुमच्यात. दुष्काळाचं वर्ष, यार्डात माल नाही, लिलाव नाही, मंडळी चहाच्या टपरीवर रिकामी. मग काय, करमणूक आयती चालून आली. कुणीतरी विचारायचं, बायकोचं नाव काय रे, गहिनीनाथ? हा माणूस घामाघूम होऊन नाव शोधायचा, आणि यायची ती शिवी. सगळी टपरी खदाखदा हसायची. बाहेरगावच्या पाहुण्यांनासुद्धा मुद्दाम आणून ऐकवायचे म्हणे. एकाने तर त्याबद्दल यांना बक्षीस म्हणून भजी खाऊ घातली. अहो, माणसं ना तुम्ही? हे मला कळलं तेव्हा शिसारी आली. आज एवढे हार बघूनही ती गेलेली नाही.

मग यांनी तोंडच मिटलं. माझ्यासमोरही मान खाली घालून बसायचे. आवाज म्हणून नाही. एका गुरुवारी रंगुबाई मला म्हणाल्या, "बाई, आता ह्यांना मुकंच ऱ्हाऊ द्या. मुक्याला कुनी हसत न्हाई."

शेवटी एकदा मी टेबलावर पसाभर बाजरी ओतली आणि, मला कुठलं लिलावातलं कळायला, उगीच ओरडले, एक वार! माझा तो भिकार सूर त्यांना सोसवला नसावा. "दोन वार," ते म्हणाले, अगदी खणखणीत. रंगुबाई पदरात तोंड घालून रडल्या. तिथून हळूहळू बाजरी म्हणता आलं, पाणी म्हणता आलं, रंगूही म्हणता आलं. मधेच शिवी येते अजून. पण ते थांबतात, श्वास घेतात आणि पुन्हा शब्द शोधायला लागतात.

आजच्यासाठी त्यांनी स्वतः चार वाक्यं जुळवली आहेत. काय आहेत ती, मी विचारलेलं नाही. आणि मघाशी चहाच्या वेळी समितीचे चिटणीस राधाकृष्णजी मला म्हणतात, सत्काराला उत्तर त्यांच्या वतीने मीच देतो, समोर बायाबापड्या आहेत, व्यासपीठावर साहेबलोक आहेत, न जाणो तो शब्द निसटला तर शोभा होईल. वा! टपरीवर ज्या शब्दावर टाळ्या पिटल्या, त्याची मांडवात लाज? गहिनीनाथराव तिथे शेजारीच उभे होते, राधाकृष्णजी. त्यांना ऐकू येतं, हेही तुमच्या ध्यानात राहिलं नाही.

तेव्हा काकासाहेब, आपली परवानगी गृहीत धरून माझा उरलेला वेळ मी त्यांना देते. वेळ लागेल. शब्द अडेल. अडला तर कुणीही तो पुरवायचा नाही, खोकायचं नाही, घड्याळ बघायचं नाही. शिवी आली तर तीही गप्प बसून ऐकायची.

मला इथे बोलावलंत, त्याबद्दल आभार. माझ्या बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर ते पोटात घाला. त्यांच्या बोलण्यात झालं, तर त्याची माफी मी मागणार नाही, आणि त्यांनाही मागू देणार नाही.

या गहिनीनाथराव, माईक तुमचा.