पंप किती एचपीचा?

...आणि आठव्या महिन्यातल्या बाईनं सकाळी सकाळी बघावं तरी काय काय, तुम्हीच सांगा! वाटीत दुधात भिजवलेलं हळीव, बेडकाच्या अंड्यांवानी लिबलिबीत, आणि साळूबाई सासू डोक्याशी उभी, "गीळ गं, डोळं झाकून गीळ, फुडं दूध उतराय पायजे!" आवं, पोर अजून पोटात, दूध कुठं पळून चाललंय? शिवांजली पडली सांगलीची, दिली कडेगावकडं ऊसवाल्या घरात, नवरा वीरधवल मिल्ट्रीत, मग ऐकणार कोण? अंगणात डिंक, माळ्यावर बाळंतशेपा, घरभर मेथीच्या लाडवांचा कडू दर्प... श्शी!

पण तुम्हाला सांगतो, हळवापर्यंत बरं होतं. वीरधवलनं मायेपोटी कुरिअर धाडलं आणि बापाला फोन केला, "आबा, पंप पाठवलाय, जपून..." आणि गेली की रेंज! आता ऊसवाल्याला पंप म्हटलं की काय आठवणार? सासरे लालासाहेब त्या बंद फोनलाच विचारतायत, "किती एचपीचा रं?"

खोकं आलं, एवढुसं! लालासाहेबांनी पाण्याच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्या गुंडा मिस्त्रीला बोलावलं. चार माणसं जमली. पोर अजून पोटात, आणि त्याच्या दुधाचं सामान चारचौघांत उघडं!

"आबा, ह्ये नरसाळं कशापायी?"

"हिरीत सोडायचा बारका फुटव्हॉल आसंल. वढतोय का बघ."

गुंडानं तळहाताला लावलं, न्हाई. गालाला लावलं, जरा जरा. मग पठ्ठ्यानं सदरा काढला, घामेजल्या केसाळ छातीला ते नरसाळं लावलं आणि दाबलं बटण... घर्रर्र! चिकटलं की!

"आबा! बंद करा, आवं जीव वढतंय!"

तेवढ्यात शिवांजली चहा घेऊन बाहेर. बघितलं मात्र, सकाळचं हळीव आलं तसं थेट पायरीवर!

"मामा, ते माझं आहे! बाळाच्या दुधासाठी आहे!"

कोण आभाळ बघतंय, कोण ऊस. गुंडाच्या छातीवर लाल कडं, आणि नरसाळ्यात दोन केस... श्शी! साळूबाई म्हणते, "हाय काय त्यात, उकळून घिऊ."

"आत्या, उकळा नाहीतर जाळा! मला न विचारता गिळायला काय घालता, चारचौघांत उघडता काय... मी बाई आहे, विहीर नाही!" आणि पोरगी ढसाढसा रडली.

ज्या लालासाहेबांच्या आवाजाला गाव दचकतं, त्यांची मान वर होईना. तसेच उठले, फेटा बांधला, सांगलीची एसटी धरली. मेडिकलात पोरीबाळींच्या घोळक्यात मिशा घेऊन उभे! सांजेला परतले आणि सुनेपुढं खोकं ठेवलं.

"चुकलं आमचं, पोरी. ह्यो नवा हाय. गुंडाची सावलीबी पडू न्हाई दिली."

शिवांजलीला भरून आलं. मळमळ पार पळाली. खोकं हातात घेतलं...

"मामा, सील फोडलंय?"

"मग? येवढं लांब जाऊन चालवून बघितल्याबिगर आणायचा? बेस वढतोय!"

"पण... बेस ओढतोय हे कसं कळलं?"

लालासाहेबांनी सदऱ्याचं वरचं बटण लावलं आणि गोठ्याकडं निघून गेले.

शिवांजली श्शीसुद्धा म्हणाली नाही. उठली आणि मोठ्यात मोठं पातेलं पाण्यानं भरून चुलीवर चढवलं.